बांध पेटवला, बनीम पेटली : भावकीतील एका तक्रारीच्या भाषेचा प्रकरण अभ्यास

लातूर जिल्ह्यातील एका खेड्यात दोन चुलतभावांच्या शेतांमध्ये एक सामाईक बांध आहे. एप्रिल महिन्यातील एका दुपारी या बांधावरचे वाळलेले गवत आणि त्याला लागून रचलेली ज्वारीची धसकटे धाकट्या भावाने पेटवली, आणि काही वेळाने थोरल्या भावाच्या शेतातील कडब्याची बनीम, म्हणजे पेंढ्यांची रचलेली गंजी, जळून गेली. रब्बीच्या मालदांडी ज्वारीचा हा कडबा थोरल्याने पावसाळ्यापर्यंत जनावरांना पुरावा म्हणून रचून ठेवला होता. माणसांना किंवा जनावरांना इजा झाली नाही. घटनेतील एवढा भाग दोन्ही पक्षांना मान्य होता. तरीही पुढचे काही आठवडे गाव दुभंगले, कारण ही घटना सांगण्यासाठी कोणते क्रियापद वापरावे याविषयी कोणाचेही एकमत नव्हते आणि तो मतभेद क्रियापदाविषयी आहे हे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

या लेखात थोरल्याला अर्जदार आणि धाकट्याला सामनेवाला म्हटले आहे. गावाचे व माणसांचे नाव दिलेले नाही. मराठी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला गावकरी कधी लग्नपत्रिका तपासायला देतात, कधी अर्ज. प्रस्तुत लेखकाकडे हे प्रकरण त्याच वाटेने आले. गावच्या तंटामुक्ती समितीपुढे झालेल्या बैठकीचे लेखी जबाब त्याच्याकडे वाचायला आले, आणि सुदैवाने त्याच बैठकीचे मोबाइलवरील ध्वनिमुद्रणही उपलब्ध होते. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झाल्यापासून बांधाचे आणि भावकीचे वाद ठाण्यापर्यंत जाण्याआधी गावातच मिटवण्याची जी रीत रुळली, तिच्यातला हा अगदी नेहमीचा प्रसंग. नेहमीचे नव्हते ते इतकेच की या वेळी बोललेले आणि लिहिलेले, दोन्ही शेजारी ठेवून पाहता आले.

कागदावर काय होते

लेखी जबाबांतील चार वाक्यांवर अर्जदाराची सगळी भिस्त होती. सामनेवाल्याच्या जबाबात "मी आग लावली व त्यात बनीम जळाली" असे होते. ट्रॅक्टर चालवणाऱ्या एका तरुणाच्या जबाबात "मी गेलो तेव्हा बनिमीला आग लावलेली होती" असे होते. शेजारच्या शेतात शेळ्या राखणाऱ्या एका वृद्ध बाईंच्या, म्हणजे गावाच्या आत्याबाईंच्या, नावावर "काडी लावणारा तिसराच इसम आहे" हे वाक्य होते. आणि चौथे वाक्य अर्जदाराचेच होते : पाडव्याच्या सुमारास बांध कोरण्यावरून झालेल्या भांडणात सामनेवाल्याने "पेटवून देण्याची धमकी दिली" होती.

ही चार वाक्ये ओळीने वाचली तर हेतुपुरस्सर जाळपोळीचे सुसंगत चित्र उभे राहते. फक्त तिसरे वाक्य त्यात बसत नाही, कारण ते गुन्हेगार भलताच ठरवते. अर्जदाराच्या बाजूच्या मंडळींनी त्यावरही तोडगा काढला होता. सामनेवाल्याने एखाद्या मजुराकरवी काडी लावून घेतली असावी, असा त्यांचा तर्क होता. न पाहिलेल्या मजुराचा शोध सुरूही झाला होता.

हा कागद तसाच पुढे गेला असता तर त्याचे परिणाम हलके नव्हते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 326 मध्ये, आगीच्या साहाय्याने शेतमालासह कोणत्याही मालमत्तेचे नुकसान करण्याच्या उद्देशाने, किंवा तसे होण्याचा संभव आहे हे माहीत असताना, केलेल्या आगळिकीला सात वर्षांपर्यंत कारावास आणि दंड सांगितला आहे. त्याच संहितेच्या कलम 287 मध्ये विस्तवाबाबत केवळ हयगयीने वागण्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, एवढीच शिक्षा आहे. (कायद्याच्या मराठीतील "आगळीक" या शब्दाचा आगीशी काही संबंध नाही, तो "आगळा" या शब्दाच्या घरातला आहे. पण या प्रकरणात तो ऐकून एका पंचाने "म्हणजे आग लावणं, असंच की" असे म्हटले होते, आणि ती समजूत दूर करण्यात बराच वेळ गेला.) सात वर्षे आणि सहा महिने यांच्यामध्ये जे अंतर आहे ते कायद्याने "उद्देश" आणि "जाणीव" या शब्दांनी मोजले आहे, गावच्या बोलण्यात तेच अंतर पेटवणे, पेटणे, लावणे आणि लागणे या चार क्रियापदांनी मोजले जाते.

"मी पेटिवलो"

ध्वनिमुद्रणात सामनेवाल्याचे पहिले वाक्य स्पष्ट ऐकू येते : "मी बांध पेटिवलो. बनीम वाऱ्यानं पेटली." लेखी जबाबातील "मी आग लावली व त्यात बनीम जळाली" हे वाक्य त्याने कुठेही उच्चारलेले नाही. मग ते आले कोठून, हे पाहण्यासाठी थोडे पुढे ऐकावे लागते. पंचांपैकी एकाने त्याला मोठ्याने विचारले, "पेटवलास का न्हाई, तेवढं सांग." त्यावर तो चिडून म्हणाला, "मी पेटिवलो म्हणतोय की मघापासून." लिहून घेणाऱ्याने हे दुसरे वाक्य धरले आणि त्याला लेखी मराठीचा पोशाख चढवला.

येथे आपल्या भागातील बोलीचे एक वैशिष्ट्य आड आले. प्रमाण मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते, म्हणून "मी पेटवला" म्हटले की बोलणाऱ्याच्या मनात बांध आहे आणि "मी पेटवली" म्हटले की बनीम आहे, हे कर्म न उच्चारताही कळते. लातूर, नांदेड आणि सोलापूरकडच्या बोलण्यात मात्र "मी केलो", "मी सांगितलो" अशी रूपे सर्रास चालतात, ज्यांत क्रियापद बोलणाऱ्याच्या मागे जाते आणि कर्माची खूण पुसली जाते. "मी पेटिवलो" या वाक्यात पेटवणारा कोण ते शंभर टक्के आहे, पेटवले काय ते शून्य. पहिल्या वाक्यात "बांध" हा शब्द होता म्हणून अर्थ पुरा होता. दुसऱ्या वाक्यात तो गळला, आणि कबुलीची व्याप्ती बांधापासून बनिमीपर्यंत पसरली. बोलीला दोष देण्याचे येथे काही कारण नाही. गावात समोरासमोर बोलताना कर्म गाळले तरी कशाबद्दल चालले आहे ते सर्वांना माहीत असते. अडचण कागदाची आहे, कारण कागद ज्यांनी बांध पाहिलेला नाही अशांच्या हाती जातो.

लिहून घेणाऱ्याने "पेटवला" ऐवजी "आग लावली" का लिहिले, हे त्याला विचारले तेव्हा त्याने दिलेले उत्तर प्रामाणिक होते : अर्जात "आग लावली" असेच लिहायचे असते. तालुक्याच्या गावी अर्ज लिहून देणाऱ्यांच्या मजकुरात आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हाच प्रयोग रूढ आहे, हे खरे आहे. तथापि "पेटवणे" आणि "आग लावणे" यांची अदलाबदल सगळीकडे करता येत नाही. आपण चूल पेटवतो, शेकोटी पेटवतो, होळी पेटवतो, ऊसतोड झाल्यावर पाचट पेटवतो. या सर्वांत जे पेटवायचे ते त्यासाठीच तेथे ठेवलेले असते आणि ते पेटणे हाच कामाचा शेवट असतो. चुलीला कोणी आग लावत नाही. "आग लावणे" या प्रयोगात ज्याला आग लावायची ती वस्तू "ला" प्रत्यय घेऊन उभी राहते, घराला, गोठ्याला, बनिमीला, आणि ती वस्तू जळण्यासाठी ठेवलेली नव्हती हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते. म्हणून "बांध पेटवला" हे शेतकामाचे वाक्य आहे आणि "बांधाला आग लावली" हे तक्रारीचे. उन्हाळ्यात बांधावरची हराळी, कुंदा, काडीकचरा आणि वेचलेली धसकटे पेटवणे चांगले की वाईट, हा निराळा विषय आहे. पण मृगाच्या आधी रान साफ करणाऱ्या माणसाच्या तोंडी त्यासाठी "पेटवणे" हेच क्रियापद येणार. लेखी जबाबात तर "ला" प्रत्ययाचे पदही नव्हते. कशाला आग लावली ते न सांगता नुसते "मी आग लावली" असे लिहिल्यामुळे वाचणारा जवळची जळलेली वस्तू शोधतो, आणि ती त्याच वाक्याच्या उत्तरार्धात तयार होती.

एका अक्षराची गोष्ट

ट्रॅक्टरवाल्या तरुणाचे प्रकरण तुलनेने लवकर निकाली निघाले. मुद्रणात तो म्हणतो, "मी गेलो तवा बनिमीला आग लागलेली व्हती." कागदावर "लावलेली" झाले. ग आणि व यांच्यात हाताच्या घाईत किती अंतर उरते हे ज्याने शाळेच्या वह्या तपासल्या आहेत त्याला सांगायला नको. मूळ कागद पाहिला तर तेथे ग आहे की व आहे हे दोन पंचांनी दोन प्रकारे वाचले. टंकलिखित प्रतीत मात्र निःशंक व उमटला होता.

"लागणे" हे मराठीत माणसावर किंवा वस्तूवर येऊन पडणाऱ्या गोष्टींचे क्रियापद आहे : भूक लागते, ठेच लागते, दृष्ट लागते, आग लागते. त्यात करणाऱ्याला जागाच नाही. "लावणे" मध्ये करणारा असल्याखेरीज वाक्य उभे राहत नाही. तो सांगितला नसेल तर ऐकणारा विचारतो, कोणी? त्या तरुणाने ज्वाळा पाहिल्या, माणूस पाहिला नाही, आणि त्याच्या वाक्याने नेमके तेवढेच सांगितले होते. अक्षर बदलल्यावर तोच तरुण प्रत्यक्षदर्शी साक्षीदार बनला आणि दोन्ही घरांकडून त्याला बोलावणी येऊ लागली.

याच कारणाने वर्तमानपत्री मराठीने "पेट घेणे" हा प्रयोग जवळ केला आहे. "बसने पेट घेतला", "गोदामाने पेट घेतला" अशी वाक्ये वार्ताहराला सुरक्षित ठेवतात, कारण त्यांत आग वस्तूच्या आतूनच निघाल्यासारखी वाटते. साखर कारखान्यांच्या गेटवरील "जळीत ऊस" हा शब्दही त्याच जातीचा : फड कोणी पेटवला, तारांच्या घर्षणाने पेटला की तोड लांबली म्हणून मालकानेच पेटवला, यांपैकी काहीही असो, वजनकाट्यावर तो केवळ जळीत असतो.

आत्याबाईंची काडी

आत्याबाईंच्या वाक्याने गावाला सर्वाधिक धावपळ करायला लावली. मुद्रणातील त्यांचे शब्द असे : "काडी लावणारा तिसराच हाय. ह्या दोघायला काय कळतंय?" कागदावर यातील पहिले वाक्य उतरले, दुसरे गळले.

"काडी" हा शब्द मुळात वाळलेल्या गवताचा किंवा झाडाचा बारीक तुकडा. आगपेटीतल्या काडीला तो नंतर चिकटला, आणि नवरा-बायकोच्या फारकतीला काडीमोड म्हणतात तीही गवताची काडी मोडण्यावरून. "काडी लावणे" चा अर्थ आगपेटीची काडी ओढून एखाद्या वस्तूला टेकवणे असा होतोच. पण गावच्या बोलण्यात त्याहून अधिक वेळा तो दोघांत भांडण लावून देणे या अर्थाने येतो. "काड्या करणे" हे त्याचे अनेकवचनी आणि अधिक चिडके भावंड. "आगलाव्या" हा शब्दही असाच दोन्हीकडे चालतो, आणि खरोखरीची आग लावणाऱ्यापेक्षा चुगल्या करणाऱ्यालाच तो जास्त वेळा ऐकावा लागतो. "लावालावी" त तर आग उरलेलीच नाही, नुसते लावणे उरले आहे.

आत्याबाईंचे दुसरे वाक्य ठेवले असते तर अर्थाविषयी शंकेला जागा राहिली नसती. "ह्या दोघायला काय कळतंय" हे वाक्य आगीला लागू पडत नाही; ते भावकीला लागू पडते. बांधाच्या हद्दीवरून दोन्ही भावांचे कान भरणारा कोणी नातलग त्यांच्या डोळ्यांपुढे होता. त्याचे नाव त्यांनी समितीपुढे घेतले नाही आणि नंतरही घेतले नाही. पण त्यांच्याकडे जाऊन नीट विचारल्यावर त्यांनी जे सांगितले ते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य ठरले, आणि ते लेखी जबाबांत कोठेही नव्हते. त्या दिवशी सकाळी धसकटे रचताना पाहून त्यांनी सामनेवाल्याला हटकले होते : "बाळा, वारं सुटलंय, सांजच्याला पेटव."

पेटणार म्हणजे काय

धमकीच्या वाक्याचा उलगडा भांडणाच्या वेळी हजर असलेल्या तिघांकडून झाला. सामनेवाला त्या वेळी म्हणाला होता, "मोजणी न आणताच बांध कोरताव, आता हे पेटणारच." अर्जदाराला हे वाक्य आगीनंतर आठवले, आणि आठवताना "पेटणार" चे "पेटवणार" झाले. त्याने ते मुद्दाम बदलले असे म्हणवत नाही. बनीम जळून गेलेल्या माणसाला "पेटणार" हा शब्द दुसऱ्या कशाविषयी आठवणे अवघड आहे.

परंतु पेटणे या क्रियापदाचा संसार आगीपुरता कधीच नव्हता. भांडण पेटते, आंदोलन पेटते, माणूस अन्यायाने पेटून उठतो. जायकवाडीच्या नाथसागरात वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा विषय निघाला की मराठवाड्यात "पाणी पेटणार" हे शब्द ठरलेले. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले तेव्हा "पाणी पेटलंय" असे ऐकून कोणी विझवायला धावले नव्हते. याखेरीज आणखी एक जुना प्रयोग आहे ज्यात ज्वाळांचा मागमूसही नाही : माणूस हट्टाला पेटतो, इरेला पेटतो, जिद्दीला पेटतो. येथे पेटणे म्हणजे एखाद्या गोष्टीला भिडणे, तिला सोडायला तयार नसणे. बैठकीत सरपंचांनी दोन्ही भावांविषयी "दोघेही इरेला पेटले" असे म्हटले, आणि त्यांच्या या वाक्याला मात्र कोणीही जाळपोळीचा पुरावा मानले नाही.

या सर्व लाक्षणिक प्रयोगांत एक गोष्ट समान आहे. ते बहुतेक करून "पेटणे" वर उभे आहेत. "पेटवणे" वर आले की लगेच करणारा शोधला जातो. "गाव पेटले" आणि "गाव पेटवले" यांत जो फरक आहे तोच "हे पेटणारच" आणि "पेटवून देईन" यांत आहे. पहिल्यात इशारा आहे, दुसऱ्यात धमकी. सामनेवाल्याचा स्वर भांडखोर होता हे तिघांनीही सांगितले. त्याचे क्रियापद अकर्मक होते हेही तिघांच्या आठवणीत जुळले, आणि समितीने चौथे वाक्य पुराव्यातून वगळले.

येथे एक बाजूची गोष्ट नोंदवावीशी वाटते. आपल्याकडे विस्तवाची क्रियापदे इतकी काटेकोर वाटून दिलेली आहेत की चुकीचे वापरले तर घरातले मोठे माणूस टोकते. देवापुढचा दिवा लावायचा असतो, आणि घालवायचा तर मालवायचा किंवा त्याला निरोप द्यायचा. "विझवला" म्हटले तर अजूनही म्हातारी माणसे कपाळाला आठ्या घालतात. विडी शिलगावायची. तुळजाभवानीच्या गोंधळात पोत पाजळायचा, आणि हे पाजळणे संस्कृत प्रज्वलनाचेच घरगुती रूप असूनही "अक्कल पाजळणे" मध्ये त्याची पुरती थट्टा झाली आहे. चितेला अग्नी द्यायचा. भट्टी चेतवायची. "आज चूल पेटली नाही" हे वाक्य सैपाकाविषयी नसून घरातल्या दुःखाविषयी किंवा दारिद्र्याविषयी असते. ज्या समाजाने एका क्रियेसाठी एवढे भेद सांभाळले, त्याच्या औपचारिक लिखाणात सगळ्यांच्या जागी एकच "आग लावली" यावे, हे लेखकाला खटकते.

वाऱ्याने कोणाला सोडवले

येथवर वाचून असे वाटेल की शब्द दुरुस्त होताच सामनेवाला निर्दोष सुटला. तसे झाले नाही, आणि होऊ नयेही. त्याच्या "बनीम वाऱ्यानं पेटली" या वाक्याकडे पुन्हा पाहिले पाहिजे.

मराठीतील "ने" हा प्रत्यय तीन वेगळी कामे करतो. "त्याने पेटवली" मध्ये तो करणाऱ्याला लागतो, "काडीने पेटवली" मध्ये साधनाला, आणि "वाऱ्याने पेटली" मध्ये कारणाला. या तिसऱ्या वापरात क्रियापद अकर्मक असल्याने करणारा बाहेर पडतो आणि कारण त्याच्या खुर्चीवर येऊन बसते. सामनेवाल्याचे वाक्य खोटे नव्हते. बांधावरून बनिमीपर्यंत जळालेल्या गवताचा सलग काळा पट्टा होता, आणि तलाठ्यांच्या पंचनाम्यातही तो नोंदलेला होता, म्हणजे विस्तव बांधावरून वाऱ्याबरोबर सरकत गेला हे उघड होते. पण त्या वाक्याने जबाबदारी वाऱ्याच्या पदरी घातली होती. दुपारच्या वाऱ्याला तो बांध कोणी दाखवला, हा प्रश्न त्याने मोकळा सोडला.

बोलीत यासाठी एक मधले रूप आहे : "माझ्या हातून पेटली." या रूपात क्रियापद पेटणे हेच राहते, म्हणजे हेतू नाकारला जातो, पण "हातून" मुळे करणारा वाक्यात परत येतो. कप हातून फुटतो, शब्द तोंडून निसटतो, विस्तव हातून पसरतो. हेतू नाही आणि तरीही संबंध आहे, असे दोन्ही एका दमात कबूल करणारे हे रूप आहे. लेखी जबाबांच्या भाषेत ते जवळपास आढळत नाही, कारण जबाब लिहिणाऱ्याला एकतर "केले" हवे असते किंवा "झाले". लेखकाच्या मते या प्रकरणाचा खरा निकाल या मधल्या रूपावर व्हायला हवा होता, आणि थोड्या फरकाने तसा झालाही.

समितीपुढे दुसरी बैठक झाली तेव्हा जबाब नव्याने लिहिण्यात आले. लेखकाने एवढीच अट घातली की प्रत्येक वाक्यात कोणी, काय आणि कशाने, ही तिन्ही पदे असली पाहिजेत, आणि बोलणाऱ्याने जे पद उच्चारले नसेल ते लिहिणाऱ्याने आपल्या पदरचे घालू नये, तर त्याला पुन्हा विचारावे. या अटीमुळे बैठक बरीच लांबली. "आग लावली" हा प्रयोग पाच-सहा वेळा पुढे आला आणि प्रत्येक वेळी "कशाला?" असे विचारले गेले. सामनेवाल्याला जेव्हा विचारले की आत्याबाईंनी सकाळी काही सांगितले होते का, तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, "म्हणल्या व्हत्या. मला वाटलं, बारीकच वारं हाय." बनीम किती अंतरावर होती, पाण्याची घागर किंवा ओला बारदाना जवळ ठेवला होता का, पेटवल्यावर तो तेथे थांबला होता का, हेही विचारले गेले. पाणी नव्हते. तो धसकटांना काडी लावून विहिरीकडे गेला होता.

अर्जदाराची भूमिका यानंतर बदलली. "पेटवली" वरचा त्याचा आग्रह सुटला, पण तडजोडीच्या मसुद्यात "चुकून" हा शब्द येताच तो उठून उभा राहिला. चुकून म्हणजे माहीत नसताना, आणि याला तर आत्यानं सांगितलं होतं, असा त्याचा मुद्दा होता. तो मुद्दा बिनतोड होता. सामनेवाल्याला "माहीत असताना" हे शब्द नको होते, कारण ते शब्द ठाण्यात गेले तर त्यांचा अर्थ काय होतो ते त्याला एव्हाना कोणीतरी समजावून दिले होते. वास्तविक वारा आहे हे माहीत असणे आणि बनीम पेटण्याचा संभव आहे हे माहीत असणे, या दोन वेगळ्या जाणिवा आहेत. पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधता येतो, ती आपोआप सिद्ध होत नाही. समितीतील एका निवृत्त ग्रामसेवकांनी हा फरक शेतकऱ्याच्या भाषेत मांडला : वारं हाय हे त्याला ठावं होतं, बनीम जळंल हे त्याच्या ध्यानात आलं नाही, ध्यानात यायला पायजे होतं. "यायला पायजे होतं" या तीन शब्दांत हयगयीची सगळी व्याख्या आली, असे लेखकाला त्या वेळी वाटले आणि अजूनही वाटते.

शेवटी दोघांच्या सह्या झालेल्या मजकुरातील मुख्य वाक्य असे ठरले : "वारा सुटला असल्याचे सांगितले असतानाही मी दुपारच्या वेळी सामाईक बांधावरील गवत व धसकटे पेटवली, तेथे न थांबता निघून गेलो, आणि माझ्या हयगयीमुळे विस्तव पसरून माझ्या चुलतभावाची कडब्याची बनीम पेटली." एका वाक्यात पेटवणे आणि पेटणे दोन्ही आहेत, आणि दोन्हींच्या मध्ये काय घडले तेही आहे. सामनेवाल्याने "हयगय" ऐवजी "हातून" मागितले होते. अर्जदाराने ते मान्य केले नाही, आणि समितीने अर्जदाराच्या बाजूने कौल दिला.

भरपाई पैशांत न ठरवता कडब्यात ठरली : सामनेवाल्याने आपल्या बनिमीतल्या निम्म्या पेंढ्या द्यायच्या आणि उरलेली तूट पुढच्या रब्बीच्या सुगीत भरून द्यायची. पेंढ्यांच्या संख्येवरून पुन्हा एक घासाघीस झाली, तिचा भाषेशी संबंध नसल्याने ती येथे दिलेली नाही. ट्रॅक्टरवाल्या तरुणाच्या जबाबाची टंकलिखित प्रत रद्द करून नवी करण्यात आली. काल्पनिक मजुराचा शोध थांबला. बांधाच्या मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडे दोघांनी मिळून अर्ज करायचा असे ठरले, आणि त्या अर्जाचा मसुदा लिहिताना "सामनेवाल्याने बांध कोरला" असे लिहायचे की "बांध कोरला गेला आहे" असे, यावरून दोन्ही भाऊ पुन्हा एकदा समितीपुढे आले.